मरुभूमीतील माघार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान बहुधा यशस्वी माणसाला मिळतो. कोणी परीक्षेत वरचा क्रमांक मिळविलेला असतो, कोणी व्यवसायात नाव काढलेले असते. मी मात्र आज आपल्यापुढे उभा आहे तो हाती घेतलेले काम अर्धवट टाकून आलेला माणूस म्हणून. मार्च २०२२ मध्ये राजस्थानच्या वाळवंटात १,००० किलोमीटरची एक सायकल-शर्यत मी आरंभिली आणि ती पुरी केली नाही. त्या शर्यतीसाठी सायकल घेण्यास आपल्यापैकी ३१ कुटुंबांनी वर्गणी दिली होती. त्या पैशाचा हिशेब मी त्याच वर्षी पावत्यांसह चिटणीसांच्या स्वाधीन केला. परंतु शर्यत का सोडली याचा हिशेब देण्याचे मात्र आजवर टाळीत आलो. दर वर्षी चिटणीस विचारीत आणि दर वर्षी मी काहीतरी सबब पुढे करी. यंदा सबब चालली नाही. आपल्याच एका कुटुंबातील कन्या येत्या जानेवारीत त्याच रस्त्याने सायकलीवर जाणार आहे, आणि ‘काका, तुमचे नेमके काय चुकले?’ असे तिने मला सरळ विचारले. तिला जे सांगितले तेच आपणांस सांगतो.

प्रथम ही शर्यत कोणत्या जातीची असते ते सांगितले पाहिजे. सायकलींच्या ज्या शर्यती आपण चित्रांतून पाहतो त्यांत स्वाराच्या मागे मोटार असते, मोटारीत दुरुस्ती करणारा कारागीर असतो, खाणे-पिणे हातात मिळते. ही शर्यत तशी नव्हे. हिच्यात बाहेर पडतेवेळी जे सायकलीवर बांधले असेल ते आपले. वाटेत पैसे देऊन दुकानातून जे घेता येईल ते आपले, आणि पाणपोई, धर्मशाळा, देवळाची ओसरी यांसारखे जे कोणाही वाटसरूला मोकळे आहे तेही आपले. मात्र आधी ठरवून ठेवलेली खाजगी मदत निषिद्ध. मित्राने डबा घेऊन वाटेत उभे राहावयाचे नाही, भावाने मोटार घेऊन मागून यावयाचे नाही. सायकलीवर एक लहानसे यंत्र बसविलेले असते. ते उपग्रहांच्या साहाय्याने आपला ठावठिकाणा कळवीत राहते. पण आपण कोणाच्या हातचे काय घेतले, हे त्या यंत्राला समजत नाही. ते ज्याचे त्याने सांगावयाचे.

हा नियम आजचा नाही. १९१३ सालच्या ‘तूर द फ्रान्स’ या सुप्रसिद्ध शर्यतीत एउजेन क्रिस्तॉफ नावाच्या स्वाराच्या सायकलीचा पुढचा चिमटा पिरेनीज पर्वतात मोडला. त्या काळी त्या शर्यतीतही परक्याची मदत वर्ज्य होती. तो गडी सायकल खांद्यावर टाकून डोंगर उतरला, खालच्या गावात लोहाराचा भाता गाठला आणि पंचांच्या देखत स्वतःच्या हातांनी चिमटा जोडून घेतला. लोहाराने तोंडाने सांगावे, हात लावू नये, असा प्रकार. दोन्ही हात कामात गुंतलेले असल्यामुळे भाता मात्र एका पोराने हलविला. तेवढ्यासाठी त्याला १० मिनिटांचा दंड झाला. पुढे तो कमी करण्यात आला, परंतु भाता हलविणे ही मदतच होय, हे तत्त्व राहिले. मला ही गोष्ट पूर्वी फार आवडत असे. आता मी ती ऐकतो तेव्हा त्या पोराचाच विचार अधिक येतो.

आपल्या इकडेही असे लोक झाले आहेत. मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे पारशी तरुण १९२३ साली सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि इराण, इराक, सीरिया यांच्या वाळवंटांतून पार होऊन १९२८ साली मुंबईस परत आले. निघाले तेव्हा ते सहा जण होते. प्रदक्षिणा पुरी केली ती तिघांनी. बाकीच्या तिघांविषयी कोणी व्याख्यान देत नाही.

आता उन्हासंबंधी थोडे शास्त्र सांगतो, कारण माझी चूक त्याशिवाय समजणार नाही. आपले स्नायू अन्नातल्या शक्तीपैकी सुमारे चतुर्थांशच चाक फिरविण्याच्या कामी लावतात. उरलेली तीन चतुर्थांश शक्ती उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता शरीराने कोठेतरी टाकली पाहिजे. हवा थंड असली म्हणजे वारा ती घेऊन जातो. परंतु आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश. हवा त्याच्या वर गेली की वारा उष्णता नेण्याऐवजी आणून देऊ लागतो. भट्टीच्या तोंडाशी उभे राहून पंखा घ्यावा तसा तो प्रकार. मग एकच मार्ग उरतो, तो घामाचा. एक लिटर घामाची पूर्ण वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून जाते. निसर्गाची ही योजना अपूर्व आहे. पण तिला पाण्याचा पुरवठा लागतो. आतडी तासाला साधारण एक लिटरच्या आसपासच पाणी शोषून घेतात, आणि चढत्या उन्हात घाम त्याहून अधिक जाऊ शकतो. म्हणजे दुपारभर सायकल चालविणारा माणूस कितीही प्याला तरी तोट्यातच चाललेला असतो. शिवाय वाळवंटाची हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही. अंग कोरडे राहते, सदऱ्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या उमटतात, आणि नवख्या माणसाला वाटते की आपल्याला घाम येत नाही, तेव्हा ऊन सोसवते आहे.

केवळ पाणी पीत राहणे हेही धोक्याचेच. घामाबरोबर मीठ जाते, आणि वरून नुसते पाणी ओतीत राहिल्यास रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस भ्रमिष्ट होतो, प्रसंगी दगावतोही. त्यावर उपाय आपल्या प्रत्येक घरात आहे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावण्यांत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्याच पाण्याने पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले, हे आपणांपैकी वैद्यकीय व्यवसायातल्या मंडळींना ठाऊक असेलच. माझ्या आईने मात्र महालनबीसांचे नाव न ऐकताच मला कैरीच्या पन्ह्याची पूड करून दिली होती, तीत सैंधव होते, आणि चवीच्या दृष्टीने तीच सरस होती.

मन ठिकाणावर आहे की नाही हे पाहण्यासाठीही एक युक्ती मी केली होती. लहानपणी वडिलांनी आमच्याकडून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी आणि तिसापर्यंतचे पाढे रोज दिवेलागणीला म्हणवून घेतले. त्यांतला एकोणतीसचा पाढा मला कधी झोपेत विचारला तरी चुकत नसे. तेव्हा मी ठरविले की दर तासाला एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणावयाचा. चुकला तर जागच्या जागी थांबावयाचे. सायकलीच्या हँडलवर पट्टी चिकटवून त्यावर शाईने ‘२९’ असे लिहिलेही होते.

जाण्याआधी एक अडचण आली, ती घरची. माझ्या मावशीचे यजमान, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो, रेल्वेच्या नोकरीनिमित्त जोधपुरास गेले आणि तेथलेच झाले. आपल्या मंडळाचे ते जुने वर्गणीदार. शर्यतीची बातमी कळताच त्यांचा फोन आला. ‘मी मोटार घेऊन तुझ्यामागून येतो. बर्फ, ताक, फळे सगळे घेतो. मावशी भाकरी देईल.’ मी नियम सांगितला. ते म्हणाले, ‘म्हणजे वाटेवरच्या परक्याने दिलेले पाणी चालते आणि घरचे चालत नाही? हा कुठला रे नियम?’

त्यांना मी तेव्हा नीट उत्तर दिले नाही. नियम म्हणजे नियम, एवढेच म्हणालो. आज देतो. वाटेवरची पाणपोई सर्व स्वारांना सारखी असते. जोधपुरास काका सर्वांना नसतात. शर्यतीत ओरिसाचा एक शिक्षक होता, त्याचे त्या संबंध प्रांतात ओळखीचे एक माणूस नव्हते. मला मात्र जोधपूर, बिकानेर, अजमेर, कोठेही फोन केला असता तर आपल्यापैकी कोणाचे ना कोणाचे दार उघडले असते. मी आपल्या मंडळाच्या वसतिगृहात राहून शिकलो. तेथे जेवलेल्या जेवणाला जागून सांगतो की ज्ञातिबांधवांची मदत ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्याविरुद्ध बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु ज्याला असे मंडळ नाही तो माझ्या शेजारी सायकल चालवीत असता मी आपल्या मोटारीतले बर्फ खाल्ले, तर मग आम्ही दोघे एका शर्यतीत नाही. नियमाचे म्हणणे एवढेच. शेवटी काकांनी वचन दिले की मी जोधपुरातच राहीन, तू पोहोचलास म्हणजे केवळ हात हलवीन.

मार्ग असा होता : बिकानेरहून फलोदी, पोखरण, जैसलमेर, तेथून दक्षिणेस वळून बाडमेर, मग जोधपूर, नागौर आणि पुन्हा बिकानेर. मुदत ७५ तासांची. मार्चअखेरीचा काळ निवडला होता तो उन्हाळा सुरू होण्यापूर्वीचा म्हणून. पण त्या वर्षीचा मार्च १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. आम्ही निघालो तेव्हा हे कोणास ठाऊक नव्हते, इतकेच ठाऊक होते की ऊन चैत्राचे नसून वैशाखाचे आहे.

पहिला दिवस चांगला गेला. पहाटे पाच वाजता निघालो. गजनेर मागे पडेपर्यंत गारवा होता. पुढे मैलोगणती सपाट माळ, मधूनच विरळ खेजडी. हे खेजडीचे झाड म्हणजे आपली दसऱ्याची शमी. घरचे माणूस परगावी भेटावे तसे ते पाहून वाटले. वाटेत बाप नावाचे गाव लागते. तेथे टायरमध्ये सराटा घुसला आणि मी रस्त्याच्या कडेला बसून पंक्चर काढू लागलो. उन्हात सोल्युशन लावता लावताच वाळत होते, ठिगळ धरीना. तीन वेळा घासून तीन वेळा लावावे लागले. चहाच्या टपरीवरची मुले भोवती जमली. त्यांतला एक पंप मारू देण्याचा हट्ट धरून बसला. मला त्या फ्रान्समधल्या भात्याची आठवण झाली आणि मी त्याला पंप दिला नाही. तो खट्टू झाला. हा माझा अहंकार होता, हे पुढे कळले.

दुपारी फलोदीस थांबलो. ज्या गावी १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान झाले, म्हणजे आपल्या देशात नोंदले गेलेले सर्वांत अधिक, ते हे गाव. बारापासून साडेचारपर्यंत एका ढाब्याच्या मागल्या खोलीत ओला पंचा अंगावर टाकून पडून राहिलो. बाजरीची राबडी आणि ताक एवढेच पोटात घेतले. सायंकाळी निघून रामदेवऱ्याच्या देवळाच्या दिव्यांना हात जोडून पोखरण गाठले. हेच ते १९७४ आणि १९९८ च्या अणुस्फोटांमुळे प्रसिद्ध झालेले पोखरण. रात्रीच्या अंधारात मला त्याचे फक्त एक दुकान दिसले, आणि त्यातले केळे फार गोड लागले.

वाळवंटात रात्री चालावे आणि दुपारी पडावे, हे शहाणपण जुने आहे, उंटांच्या तांड्यांचेही तेच. परंतु रात्रीला तिचे स्वतःचे भय असते. १८ मार्च २०१७ रोजी ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलहून सिडनीपर्यंत सुमारे ५,५०० किलोमीटरची अशीच स्वावलंबी शर्यत निघाली. तिच्या वाटेवर नलारबॉर नावाचे निर्जन मैदान आहे. तेथे १४६.६ किलोमीटर रस्ता एकाही वळणावाचून सरळ जातो, आणि बलडोनिया ते कायगूना या दोन थांब्यांमध्ये १८२ किलोमीटर पाण्याचे ठिकाण नाही. माइक हॉल हा इंग्रज स्वार ते सारे पार करून दुसऱ्या क्रमांकावर होता. ३१ मार्चच्या पहाटे कॅनबराजवळ मोटारीची धडक बसून तो मरण पावला आणि शर्यत तेथेच थांबविण्यात आली. ऊन नव्हते, तहान नव्हती. अंधारातला रस्ता होता. म्हणून रात्री मालमोटारींचे दिवे पाठीमागून वाढू लागले की मी रस्ता सोडून वाळूत उतरत असे. याने वेळ जातो. पोखरण ते जैसलमेर या ११० किलोमीटरांना मला सहा तासांहून अधिक लागले. मध्यरात्र उलटून गेल्यावर, तीन वाजता पोहोचलो.

येथे माझी चूक झाली. मी सहाला उठून निघावयाचे ठरविले होते. डोळे उघडले तेव्हा आठ वाजून गेले होते. आता दोनच शहाणे मार्ग होते : दुपार जैसलमेरातच काढून संध्याकाळी निघणे, किंवा देवीकोटपर्यंत जाऊन तेथे पडणे. मी दोन्ही केले नाहीत. मनात गणित केले की सरासरीत आपण मागे पडलो आहोत. आणि त्या गणितात, खरे सांगतो, आपली ३१ नावे होती. नावांची ती यादी मी घड्या घालून सीटखालच्या पिशवीत ठेवली होती. नऊ वाजता निघालो. देवीकोटला अकरा वाजता पोहोचलो, तेथे ओसरी होती, सावली होती, ओरिसाचा तो शिक्षक पायांवर पाणी ओतून घेत बसला होता. ‘दादा, बसा,’ तो हिंदीत म्हणाला. मी पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि पुढे गेलो. पाच लिटरांची जागा होती, तीनच लिटर घेतले. वजन नको म्हणून.

नैर्ऋत्येकडून वारा समोर आला. हँडलवरचे यंत्र ४४ अंश दाखवू लागले. डांबराची झळ धरून ते यंत्र नेहमीच काही अधिक दाखविते, पण मी ज्या हवेत होतो ती तीच हवा होती. बारा वाजता पाढा म्हटला, बरोबर आला. नंतर तहान लागेनाशी झाली. हे चिन्ह वाईट, हे मी पुस्तकांतून वाचले होते. त्या वेळी मात्र ते सुख वाटले. मग हातांवर शहारे आले, थंडी वाजल्यासारखे झाले. एक वाजता पुन्हा पाढा म्हटला. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर, एकोणतीस साती दोनशे तेरा.

दोनशे तीन म्हणावयास हवे होते. मंडळी, भयाची गोष्ट ही नाही की पाढा चुकला. भयाची गोष्ट ही की चुकल्याचे मला कळले आणि मी स्वतःशी वाद घालू लागलो. दोनशे तेराच बरोबर, लहानपणी आपण चुकीचे पाठ केले होते, असे मी मोठ्याने म्हणालो. ज्या बुद्धीने निवाडा करावयाचा तीच बुद्धी उन्हाने प्रथम नेली होती. मला वाचविले ते बुद्धीने नव्हे, हँडलवर शाईने लिहिलेल्या त्या दोन आकड्यांनी. त्यांच्याकडे पाहत राहिलो आणि केव्हातरी पाय थांबले.

रस्त्यापासून शंभर पावलांवर एक ढाणी होती. ढाणी म्हणजे दोन-चार झोपड्यांची वस्ती. मी सायकल टाकून खेजडीखाली बसलो. तिची सावली ती काय, चाळणीतून पडावी तशी. एक वृद्ध बाई आणि दहाबारा वर्षांचा तिचा नातू बाहेर आले. बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि मुलाला काही सांगितले. त्याने मातीचा घडा आणला आणि माझ्या डोक्यावर, मानेवर, छातीवर हळूहळू रिता केला. बाई ओढणीने वारा घालू लागल्या. दुसरा घडा आला, तोही रिता झाला. मग मीठ घातलेले ताक घोट घोट पाजले. शुद्धीवर येता येता माझे लक्ष अंगणातल्या टांक्याकडे गेले. टांका म्हणजे पावसाचे पाणी साठविण्याचे जमिनीतले कुंड. त्या भागात वर्षाचा पाऊस तो किती! मागल्या पावसाळ्यात जे पाणी साठले ते पुढल्या आषाढापर्यंत माणसांना आणि शेळ्यांना पुरवावयाचे. त्यातले दोन घडे मातीत गेले होते, माझ्या अंगावरून.

मुलाने माझ्या मोबाइलवरचा शेवटचा क्रमांक फिरविला. तो काकांचा. पाऊण तासाच्या आत मोटार येऊन उभी राहिली, तेव्हा मी विचारले, ‘जोधपुराहून इतक्या लवकर?’ काका काही बोलले नाहीत. ते आदल्या संध्याकाळपासून बाडमेरास येऊन बसले होते. वचन त्यांनी मोडले होते. माझ्यापुढे न येता, केवळ जवळ राहून.

आता खरा प्रश्न आला. शर्यतीचे ३२ तास झाले होते, ४०० किलोमीटर मागे पडले होते. वेळ अजून हातात होता. बाईंचे ताक-पाणी नियमात बसत होते, कारण ते ठरविलेले नव्हते आणि कोणाही वाटसरूला मिळाले असते. काकांबरोबर त्यांचे एक स्नेही होते. ते सद्भावनेनेच म्हणाले, ‘दोन तास मोटारीत गारव्याला बसा, बर्फ लावा, अंधार पडला की निघा. यंत्र सायकलीवर आहे, सायकल येथेच आहे. कोणाला काय कळणार?’ मी काकांकडे पाहिले. ज्यांनी नियमाची थट्टा केली होती तेच काका म्हणाले, ‘नाही. बसायचे असेल तर त्याने आधी फोन करून सांगावे, मग बसावे.’ मी संयोजकांना फोन केला, माघार नोंदविली आणि मोटारीचे दार उघडले.

बाडमेरास सलाइन लावले. तेथल्या डॉक्टरांनी सांगितले की आणखी तासभर चालविली असती तर उष्माघातच होता, आणि त्यात मूत्रपिंडे, मेंदू, काय वाचते ते सांगता येत नाही. ओरिसाचा शिक्षक संध्याकाळी देवीकोटहून निघाला आणि मुदतीच्या आत बिकानेरास पोहोचला.

त्या वर्षी मी वर्गणी परत करू केली. कार्यकारिणीने ती घेतली नाही आणि ठराव केला की सायकल मंडळाच्या नावे राहावी. हे योग्य झाले, असे मला वाटते. पुढल्या पौषात मी आणि काका त्या ढाणीवर गेलो. बाईंनी पैशांना हात लावला नाही. तेव्हा काकांनी विचारले की पाण्याचा एक टँकर टांक्यात ओतला तर चालेल का. पाण्याच्या बदली पाणी, म्हणून त्या कबूल झाल्या. हा खर्च मंडळाच्या हिशेबात नाही. बाप गावच्या टपरीवरही थांबलो होतो, पण तो पंपवाला मुलगा भेटला नाही.

आता जी मुलगी जाणार आहे तिच्याविषयी. एकट्या मुलीने वाळवंटात जावे काय, असे काही वडीलधाऱ्यांनी मला विचारले. २०१८ साली पुण्याची वेदांगी कुलकर्णी वयाच्या विसाव्या वर्षी पर्थहून निघून सुमारे २९,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलीवर करून आली, तीही बव्हंशी एकटीच, हे मी त्यांच्या नजरेस आणतो. जानेवारीत ऊन बाधणार नाही, थंडी बाधेल. रात्री पारा पार खाली जातो आणि पहाटे धुके असते. तिला मी सांगितले ते इतकेच की पाणी भरावयाच्या जागी सर्व बाटल्या भराव्यात, वजनाचा लोभ करू नये. पाढा म्हणावा, आणि चुकला तर वाद घालू नये. वर्गणीदारांची यादी बरोबर नेऊ नये. पोरांनी पंप मारू का विचारले तर द्यावा आणि नंतर तसे सांगावे. सायकल तीच आहे, टायर नवे आहेत.

काकांनी यंदा ८१ वे वर्ष ओलांडले. मोटार काढू का, असे त्यांनी परवाच मला फोनवर विचारले. तो प्रश्न मी त्या मुलीकडे सोपविला आहे.